दर्शनाची रंगीत तालीम

सिमेंटचे पाइप बनवणाऱ्या कारखान्यात आग लागण्यासारखं काय असतं, असं शिट्टीसाहेबांना एकदा एका नव्या कामगाराने विचारलं होतं. नवा होता म्हणून त्याला माफ करण्यात आलं. खरं सांगायचं तर कारखान्यात वाळू होती, सिमेंट होतं आणि जिकडेतिकडे पाणी होतं. भडका उडेल असं म्हणाल तर एकट्या कॅन्टीनवाल्याचा स्वभाव. पण साहेब तिथे सुरक्षा अधिकारी होते, आणि दर महिन्याला न चुकता ते आगीची कवायत घ्यायचे. गळ्यातली शिट्टी वाजली की हातातलं काम टाकून सगळ्यांनी जिन्याने खाली धावायचं. एकाने जखमी व्हायचं, दोघांनी त्याला उचलायचं. जखमी कोणी व्हायचं यावरून कामगारांत भांडणं लागत, कारण जखमीला स्ट्रेचरवर घटकाभर डोळे मिटून पडता यायचं.

साहेबांच्या अख्ख्या नोकरीत आग एकदाही लागली नाही. निरोपाच्या समारंभात मॅनेजर म्हणाले, "हे केवळ ह्यांच्यामुळे." टाळ्या पडल्या. साहेबांनी नम्रपणे मान तुकवली खरी, पण आत कुठेतरी खुपलं. वर्षानुवर्षं घोकून अभ्यास करावा आणि परीक्षाच रद्द व्हावी, तसं काहीसं त्यांना वाटलं. तेवढ्यात गळ्यात हार पडला आणि ते निवृत्त झाले.

निवृत्त कारखान्यातून झाले, सवयीतून नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी घराची पाहणी केली आणि घर असुरक्षित असल्याचा निष्कर्ष काढला. वहिनी म्हणजे त्यांची बायको. साऱ्या इमारतीत तिला वहिनीच म्हणत, म्हणून आपणही म्हणू. तर वहिनींना इस्त्री कुठे ठेवायची, काडेपेटी कुठे ठेवायची, गादीखाली वर्तमानपत्रं का ठेवायची नाहीत, याचे धडे सुरू झाले. सकाळी वहिनींनी देवापुढे दिवा लावला की साहेब शेजारी पाण्याची बादली घेऊन उभे राहायचे.

"अहो," वहिनी डोळे न उघडता हळूच म्हणायच्या, "बादली जरा लांब ठेवा. देवाला वाटेल, आपल्यालाच विझवायला आलेत."

वहिनींचा सकाळचा नेम जुना. दिवा लावायचा, प्रार्थना म्हणायची, मग दोन मैत्रिणी यायच्या आणि तिघींनी मिळून थोडं वाचायचं, थोडं बोलायचं. एक पहिल्या मजल्यावरच्या शिवणताई. बोटाला शिवणाचं अंगुस्तान घातलेलंच असायचं, ते काढायचं त्या विसरून जात. दुसऱ्या सिस्टर. म्हणजे नात्याने कुणाच्याच नाहीत, हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांचा आवाज मोठा आणि निदान झटपट. साहेब पहिल्यांदा बादली घेऊन उभे राहिले त्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "भावोजी, तुम्हाला काही झालेलं नाही. फक्त करायला काही नाही. ह्याला औषध नसतं, ह्याला उद्योग असतो."

आता ह्या नेमामागे एक नवस होता. साहेबांच्या नोकरीतला धोका मनापासून खरा मानणारं जगात एकच माणूस होतं, ते म्हणजे वहिनी. ते रोज कामावर निघाले की वहिनींचा जीव टांगणीला लागायचा. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्या देवाला बोलून बसल्या होत्या, 'हे सुखरूप निवृत्त होऊ देत, दोघं जोडीने डोंगरावर तुझ्या दर्शनाला येऊ.' जोडीने, हा शब्द महत्त्वाचा. मैत्रिणींबरोबर त्या कधीच जाऊन आल्या असत्या, पण देवाला शब्द दोघांचा दिला होता.

देवाने आपली बाजू चोख पार पाडली. आता ह्या दोघांची पाळी होती, आणि घोडं साहेबांपाशी अडलं होतं.

"जाऊ की," साहेब म्हणत, "पण तयारी कुठे आहे?" आधी पाऊस होता. मग ऊन होतं. ऊन उतरलं तेव्हा रस्त्याचं काम निघालं. रस्ता झाला तेव्हा साहेबांनी डोंगराच्या पायऱ्यांना कठडा एकाच बाजूला असल्याचं कुणाकडून तरी ऐकलं. वहिनी काही बोलायच्या नाहीत. बोलायच्या नाहीत म्हणजे साहेबांशी. देवाशी काय बोलायच्या ते त्यांना ठाऊक आणि देवाला.

शेवटी सिस्टरनी परस्पर जीप ठरवली. पुढच्या महिन्यातली तारीख, चौघांची जागा, पायथ्याच्या यात्रीनिवासात मुक्काम, सगळं पक्कं. आणि सकाळच्या बैठकीत जाहीर केलं, "भावोजी, आता नाही म्हणायचं नाही. वहिनींचे गुडघे मी रोज बघते. आणखी वर्षभराने देवालाच खाली बोलवावं लागेल."

साहेब सगळ्यांकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर पहिल्यांदाच तेज आलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण आधी रंगीत तालीम."

"कसली?"

"निघण्याची. प्रवासात सगळ्यात जास्त गोंधळ निघताना होतो. येत्या रविवारी आपण निघायचं. खरंखुरं सामान, खरेखुरे कपडे, औषधं, कुलूप, किल्ल्या, सगळं. गाडीत बसायचं, गावाबाहेरच्या पुलापर्यंत जायचं, चुका टिपायच्या आणि परत यायचं."

शिवणताईंनी दाताने दोरा तोडला आणि म्हणाल्या, "म्हणजे निघायचं आणि जायचं नाही?"

"अगदी बरोबर!" साहेब खूश झाले. त्यांना वाटलं, ह्या बाईंना मुद्दा कळला.

*

समोरच्या घरात वकीलभाऊ राहत. ते वकील नव्हते, एका वकिलाकडे जन्मभर कारकून होते. पण वकील वारले तरी त्यांचं बोलणं भाऊंच्या अंगात राहिलं होतं. ते म्हणाले, "साहेब, गल्लीत गाडी उभी करणार, माणसं जमवणार, आणि प्रवास करणार नाही. उद्या कुणी हरकत घेतली तर? परवानगी काढून ठेवा."

माणसं जमवण्याची कल्पना साहेबांचीच. निघताना निरोप द्यायला येणारी मंडळी वाट अडवतात, हा सुरक्षेच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक क्षण. म्हणून तालमीला निरोप देणारे हवेतच. त्यांनी इमारतीतल्या प्रत्येक दारात जाऊन सांगितलं, 'रविवारी सकाळी निरोपाला यायचं. अगदी खरं असल्यासारखं. खऱ्या दिवशी जे कराल तेच करायचं.'

परवानगीच्या कार्यालयात खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, "कारण?"

"रंगीत तालीम."

"नाटक आहे का?"

"नाही, प्रवासाची."

"म्हणजे सहल."

"सहल नाही. आम्ही जाणार नाही."

बाईंनी चष्मा काढला. आत जाऊन मोठ्या साहेबांना विचारून आल्या. मग मोठे साहेब स्वतःच बाहेर आले, कारण असा माणूस त्यांनाही बघायचा होता. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "हे बघा, खरोखर जाणार असाल तर परवानगी लागत नाही. खोटं जाणार असाल तर लागते. आणि ती देण्याची सोय आमच्याकडे नाही."

"मग मी काय करू?"

"खरं जा."

साहेब अपमान गिळून घरी आले. एवढ्या साध्या गोष्टीला कार्यालयात साधा रकाना नसावा, ह्याचं त्यांना राहून राहून आश्चर्य वाटत होतं. मोठ्या साहेबांच्या तोंडून साक्षात देवच बोलून गेला असेल, असं आपण श्रद्धाळू माणसांनी फार तर म्हणावं. शिट्टीसाहेबांच्या मात्र ते लक्षात आलं नाही.

उरलेले दिवस सल्ल्यांचे होते. कुणी सांगितलं, घाटात पोट रिकामं ठेवा. कुणी सांगितलं, भरलेलं ठेवा. वरच्या मजल्यावरच्या संगीतशिक्षकांनी गाडीत खिडकीशी बसून खालचा सा लावला की मळमळत नाही असं सांगितलं आणि लावूनही दाखवला. साहेबांनी तिन्ही बायकांच्या पिशव्या स्वतः उपसून तपासल्या. दोन दिवसांचे कपडे, टॉर्च, दोरी, शिवणताईंचा सुईदोऱ्याचा डबा, आणि सिस्टरच्या पिशवीत तर अख्खा दवाखाना. शिवणताईंनी चुण्या पडतात म्हणून चांगलं पातळ घरीच ठेवलं होतं, तर साहेबांनी त्यांना परत पाठवून ते आणायला लावलं. "तालीम खोटी झाली तर प्रसंग खोटा पडतो," ते म्हणाले. हे वाक्य कारखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं होतं.

*

रविवारी सकाळी जीप आली. आणि इमारतीतली माणसं साहेबांच्या अपेक्षेबाहेर खरी निघाली. सगळे जिन्यात आणि फाटकात दाटीवाटीने उभे. संगीतशिक्षकांनी हात उंच करून शुभेच्छा गायल्या. तळमजल्यावरच्या आजींनी वहिनींना मिठी मारली आणि ढसाढसा रडू लागल्या.

"अहो आजी," साहेब घाईने म्हणाले, "आज तालीम आहे. आम्ही दुपारी परत येतोय."

"मला माहीत आहे रे," आजी डोळे पुसत म्हणाल्या. "पण रडायला बसलं की ते काय तालीम-बिलीम बघतं होय? माझं सांग हो वहिनी देवाला. म्हणावं, म्हातारी विचारत होती."

वहिनींच्याही डोळ्यांत पाणी आलं. दारात उभं राहून त्यांनी घराकडे वळून पाहिलं, देवापुढच्या दिव्याला लांबूनच हात जोडले, आणि किल्ली वकीलभाऊंच्या हातात दिली. भाऊंनी ती दोन्ही हातांनी घेतली.

साहेबांनी शिट्टी फुंकली. जीप निघाली. साहेबांच्या अंगावर निरीक्षकाचा नारिंगी पट्टा होता, हातात वेळ मोजायचं घड्याळ होतं, आणि चेहऱ्यावर कारखान्यातलं जुनं समाधान होतं. गाडी गल्लीतून बाहेर पडली तशा तिघी मैत्रिणी मागच्या सीटवर एकमेकींना चिकटून बसल्या आणि सिस्टरनी रोजची प्रार्थना मोठ्याने सुरू केली.

"हे आज नको," साहेब पुढच्या सीटवरून म्हणाले. "हे खऱ्या दिवशी."

"भावोजी, प्रार्थना खोटी म्हणता येत नाही. मी करून बघितलंय," सिस्टर म्हणाल्या आणि पुढची ओळ घेतली.

पूल आला. साहेबांनी ड्रायव्हरला सांगितलं, "आता वळवा."

ड्रायव्हर शांत माणूस होता. "इथून वळता येत नाही काका. रस्ता पुन्हा खणलाय. एकेरी केलाय."

"मग कुठून?"

"पुढे नाका आहे. तिथून."

नाक्यावर पोलीस उभा होता. त्याने हाताने पुढे, पुढे अशी खूण केली. साहेबांनी काच खाली करून त्याला समजावलं की आम्हाला जायचं नसून परत फिरायचं आहे. त्याने मागे लागलेली गाड्यांची रांग दाखवली आणि विचारलं, "जायचं नव्हतं तर आलात कशाला?" ह्याचं उत्तर साहेबांकडे होतं, पण ते थोडं लांब होतं, आणि मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवायला लागले.

जीप पुढे गेली. गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना शेतं लागली, आणि शिवणताई खिडकीतून बघत म्हणाल्या, "अगं बाई, किती मोकळं आहे!" साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. ते बंद करावं की चालू ठेवावं, हे त्यांना कळेना.

तेवढ्यात फोन वाजला. वकीलभाऊ.

"साहेब, एक सांगायचं होतं. परत फिरू नका."

"का?"

"फवारणीवाले आलेत. झुरळांसाठी."

"कुणाच्या घरी?"

"तुमच्या. किती महिने मागे लागलोय मी तुमच्या, तुम्ही म्हणायचात औषध पेट घेतं. घर रिकामं सापडलं, बोलावून घेतलं. आता उद्यापर्यंत आत पाऊल टाकता येणार नाही."

"अहो पण भाऊ, आज तालीम होती!"

"साहेब," भाऊंचा आवाज कोर्टात उभा राहिल्यासारखा झाला, "आपणच म्हणालात, प्रत्येकाने खऱ्या दिवशी जे केलं असतं तेच करायचं. खऱ्या दिवशी मी हेच केलं असतं. ह्यात माझी कसूर कुठे, दाखवा."

 साहेब फोन हातात धरून बसले. 

"मग पुढेच जाऊ या," वहिनी म्हणाल्या.

त्या इतक्या हळू बोलल्या की साहेबांना वाटलं, आपल्याच मनात कुणीतरी म्हटलं. त्यांनी वळून पाहिलं.

"अगं, असं कसं? तयारी..."

"भावोजी," सिस्टर म्हणाल्या, "दोन दिवसांचे कपडे आहेत. औषधं आहेत. टॉर्च आहे. दोरी आहे, ती कशाला घेतली देव जाणे, पण आहे. ताईंचं चांगलं पातळ आहे, तुम्हीच आणायला लावलंत. काय नाही ते सांगा."

 आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांच्या तालमीत खोट काढायला जागा नव्हती. सिस्टरनी यात्रीनिवासात फोन केला. खोल्या रिकाम्या होत्या. ड्रायव्हरने खांदे उडवले, "मला काय, रस्ता तोच आहे."  इतकी वर्षं मुठीत घट्ट धरलेलं काहीतरी सैल सोडल्यासारखे वहिनींचे हात मांडीवर उघडे पडले होते.

"ठीक आहे," साहेब अखेर म्हणाले.

आणि मग त्यांना आपली पिशवी आठवली.

हे सांगताना वाईट वाटतं, पण सांगायला हवं. साऱ्यांना खरंखुरं सामान भरायला लावणाऱ्या साहेबांनी स्वतःच्या पिशवीत जुनी वर्तमानपत्रं भरली होती. निरीक्षक हा प्रवासी नसतो, त्याला फक्त वजन लागतं, असा त्यामागचा विचार. सगळ्या जगात तयार नसलेला एकच माणूस निघाला, आणि तो म्हणजे ते.

त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही. घाटाखाली चाक पंक्चर झालं तेव्हा ते सगळ्यांच्या आधी खाली उतरले. ड्रायव्हरला जॅक कुठे लावायचा ते सांगितलं, तो त्याने आधीच लावला होता. दगड कुठे ठेवायचे ते सांगितलं, तेही ठेवून झाले होते. मग देखरेखीसाठी ते एका ओंडक्यावर ऐटीत बसले. तिथे आधी कुणीतरी ट्रकचं ग्रीस पुसलं होतं. उठले तेव्हा विजारीचं मागचं सारं अंग काळंकुळकुळीत.

"काही हरकत नाही," वहिनी म्हणाल्या, "पिशवीतली दुसरी घाला."

साहेब आकाशाकडे बघू लागले.

"भावोजी?" सिस्टरनी पिशवी ओढली, चेन उघडली. बराच वेळ आतल्या वर्तमानपत्रांकडे पाहत राहिल्या. "जुनी आहेत," एवढंच म्हणाल्या. आणि मग त्या, शिवणताई आणि पाठोपाठ ड्रायव्हर असे हसायला लागले की वहिनींनी पदराआड तोंड लपवलं. साहेब दुखावले. पण काळी विजार घालून माणूस फार वेळ दुखावलेला राहू शकत नाही. कुणी गंभीरपणे घेत नाही.

*

देवळात धुतलेल्या कपड्यांनीच जायचं, अशी वहिनींची समजूत होती आणि ती त्या सोडणार नव्हत्या. पायथ्याच्या गावात रविवारी कपड्यांची दुकानं बंद. संध्याकाळी यात्रीनिवासाच्या व्हरांड्यात शिवणताईंनी आपल्या पिशवीतली चादर काढली. त्यांनी ती स्वतःच्या अंथरुणासाठी आणली होती. पांढऱ्यावर मोठाली गुलाबी फुलं.

"ताई, ह्याचं नको," साहेब काकुळतीला आले.

"दुसरं आहे का काही? उभे राहा नीट. श्वास सोडा. पोट आत ओढलंत तर उद्या पायरी चढताना उसवेल."

त्यांनी बसल्या बसल्या हाताने पायजमा शिवला. शिवणताईंची चादर गेली म्हणून सिस्टरनी आपली अर्धी देऊ केली. वहिनींनी नाडी ओवली. ड्रायव्हरही येऊन बसला, चहा मागवला गेला, आणि त्या ओवण्या-शिवण्याच्या गडबडीत साहेबांना कुणीतरी सांगितलं की सुईत दोरा ओवून द्या. ते चष्मा सावरून ओवत बसले. मागच्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी कुणाला काही शिकवलं नाही. तिघी आपसात बोलत होत्या. शिवणताईंनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, सिस्टरना रात्रपाळीत एकटं वाटायचं, असं काहीबाही. साहेब ऐकत होते. इतके दिवस रोज सकाळी ह्या बायका आपल्या घरात येऊन बसत होत्या आणि आपण फक्त बादली धरून उभे होतो, हे त्यांच्या मनात आलं.

सकाळी चढायला सुरुवात केली. फुलाफुलांच्या पायजम्याकडे येणारे-जाणारे बघत होते. एका लहान मुलीने आईला विचारलं, "आई, ते आजोबा झोपेतून उठून आलेत का?" साहेब मान ताठ ठेवून चढत राहिले. सिस्टर आणि शिवणताई पुढे गेल्या.

निम्मा डोंगर चढून झाल्यावर मात्र साहेब एका वळणावर बसले.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "मी इथून लक्ष ठेवतो."

"पाय दुखतात?"

"नाही."

"दम लागलाय?"

"नाही गं."

वहिनी त्यांच्या शेजारी बसल्या. "मग मीही इथेच बसते."

"अगं, इतकी वर्षं वाट पाहिलीस! वर जा की."

"जोडीने म्हटलं होतं मी. एकटीने जाऊन काय सांगू त्याला? ते निम्म्यात बसलेत म्हणून?"

साहेब पायजम्यावरच्या एका फुलाकडे बघत राहिले. वरून घंटेचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "मला सवयच नाही गं. खरं काही करायची. आयुष्यभर खोटी आग, खोटा जखमी, खोटी धावपळ. चुकलं तर शिट्टी मारायची, पुन्हा घ्यायचं. इथे वर गेलो, आणि काही वाटलंच नाही तर? तू एवढी वर्षं मागितलेलं, आणि मी तिथे नुसता खांबासारखा उभा राहिलो तर? ते पुन्हा घेता येणार आहे का?"

म्हणजे पाऊस, ऊन, कठडा सगळं हे होतं तर. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू आलं. चेष्टेचं नाही.

"अहो, मी रोज सकाळी डोळे मिटून बसते, तेव्हा तुम्हाला काय वाटतं, काय चाललेलं असतं?"

"प्रार्थना."

"अर्ध्या वेळा दूध उतू जाईल का ते मनात असतं. कधी शिवणताईंचा खोकला. मधूनच तुमची बादली. एक दिवस नीट होत नाही. उठताना रोज म्हणते, आजचं चुकलं, उद्या पुन्हा बसते. नेम म्हणजे दुसरं काय असतं हो? तुम्ही महिन्यातून एकदा घ्यायचात, मी रोज घेते. तो काही म्हणत नाही. बघतो आणि म्हणतो, या उद्या."

 साहेबांनी गुडघ्यांवर हात टेकले आणि उठले. वहिनींना हात दिला. दोघांपैकी कोण कुणाला ओढत होतं, हे मागून येणाऱ्यांना सांगता आलं नसतं.

वर गर्दी होती. रांग सरकत सरकत गाभाऱ्यापाशी आली. पुजारी घाईत होता. त्याने दोघांना शेजारी उभं केलं आणि म्हणाला, "हात जोडा, काय मागायचं ते मागा, पुढे व्हा."

साहेबांनी हात जोडले आणि त्यांचं डोकं एकदम रिकामं झालं. ज्याची भीती होती तेच. एकही शब्द आठवेना. त्यांनी मदतीसाठी शेजारी पाहिलं. वहिनींनी डोळे मिटले होते. समईच्या उजेडात त्यांचा चेहरा इतका निवांत होता की साहेब बघतच राहिले. इतकी वर्षं ही बाई रोज दिव्यापाशी बसत होती, आणि आपलं सगळं लक्ष दिव्यावर. वहिनींच्या ओठांवर काहीतरी होतं. त्यात आपलं नाव असावं, असं त्यांना उगाच वाटलं. 

"चला, पुढे चला," पुजारी म्हणाला.

बाहेर ओट्यावर दोघं टेकले. सिस्टर आणि शिवणताई आधीच तिथे केळी खात बसल्या होत्या. वारा सुटला होता. खाली, फार खाली, रस्ता दोऱ्यासारखा दिसत होता.

"काय मागितलंत?" वहिनींनी विचारलं.

"मागायचं राहूनच गेलं," साहेब म्हणाले.

"बघा. रोज माझं अस्संच होतं."

आणि वहिनी हसल्या. पदर न लावता, खळखळून. साहेबही हसले. पुढच्या महिन्यातली जीप आता रद्द करून टाकू का, असं सिस्टरनी केळीचं साल कुठे टाकावं ते शोधत विचारलं.

साहेबांनी गंभीर चेहरा केला. तिघी सावध झाल्या.

"रद्द कशाला?" ते म्हणाले. "ताईंना समुद्र बघायचाय ना."

शिवणताईंचा घास तोंडातच राहिला. "आणि तालीम?"

साहेब उत्तर देणार तोच खिशातला फोन वाजला. वकीलभाऊ उत्साहात होते. "साहेब, झुरळांचा निकाल लागला! खिडक्या उघडून ठेवल्यात. सगळी इमारत स्वागताला उभी राहणार आहे, आजी तर कालपासून रडायच्या थांबल्यात ते आता पुन्हा रडता यावं म्हणून. फक्त वेळ सांगा, किती वाजता पोहोचताय?"

शिट्टीसाहेबांनी खाली रस्त्याकडे पाहिलं. मग शेजारी बसलेल्या वहिनींकडे. त्या पाय लांब करून, डोळे मिटून वारा खात होत्या आणि उठण्याचं काही चिन्ह दिसत नव्हतं.

"सांगता येत नाही," ते म्हणाले, आणि फोन बंद करून त्यांनी सिस्टरकडे एक केळं मागितलं.